धाब्यावरची अँटेना आणि शिळं भविष्य

खानदेशातली पन्नाशीची मंडळी लहानपणीच्या अंतराळ मालिकांवर बोलायला बसली, की गोष्ट यानापासून नाही, धाब्यापासून सुरू होते. धाबं म्हणजे घराचं मातीचं सपाट छत. त्यावर अँटेनाचा बांबू, बांबूला धरून काका. ते वरून अहिराणीत विचारणार, "उनं का रे?", म्हणजे चित्र आलं का. आम्ही खालून, "उनं, उनं... गयं!" पडद्यावर पुन्हा मुंग्या.

हे चित्र इथवर आलं ते इन्सॅट-१बीमुळे. ३० ऑगस्ट १९८३ला अमेरिकेचं चॅलेंजर यान तो उपग्रह पोटात घेऊन उडालं. त्यानंतर दूरदर्शनने गावोगावी कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं उभारायचा सपाटा लावला. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहाकडून केंद्रात, केंद्राकडून आमच्या बांबूवर. म्हणजे खोटं यान बघायला मिळालं ते खऱ्या यानाच्या कृपेने. तेव्हा आम्हाला कोणी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाळेत केवढा भाव खाल्ला असता!

रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. इंग्रजीतून, कळायचं शून्य. पण माणसं चकाकत विरघळतात आणि दुसऱ्या ग्रहावर उभी राहतात, एवढं पुरे होतं. ओट्यावर डोळे मिटून उभं राहायचं आणि हळूच पळून खळ्यात उगवायचं, हा आमचा खेळ. दर भागात यान ग्रहावर उतरवणं खिशाला परवडेना म्हणून निर्मात्यांनी ही युक्ती काढली होती, हे फार नंतर वाचलं. आपोआप उघडणारी दारंसुद्धा मागे उभी माणसं ओढायची.

खरी गंमत तारखांची. ही मालिका १९६६ची. ७९ भाग होऊन जून १९६९मध्ये बंद पडली आणि पुढच्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला. आमच्याकडे ती पोचेपर्यंत दीडेक दशक उलटलेलं. आम्ही भविष्य म्हणून जे डोळे फाडून पाहिलं, ते तिकडे केव्हाच जुनं झालं होतं. पुढे 'स्पेस सिटी सिग्मा', 'इंद्रधनुष', १९९८मध्ये 'कॅप्टन व्योम' अशी हिंदी यानं आली. ती कळायची, म्हणून त्यातला पुठ्ठाही दिसायचा.

उन्हाळ्यात त्याच धाब्यावर गोधड्या पडायच्या. एखादा ठिपका सरकताना दिसला की काका छातीठोकपणे म्हणायचे, "तो पहा इन्सॅट." इन्सॅट-१बी सरकणारा नव्हताच. विषुववृत्तावर ७४ अंश पूर्वेला, नंदुरबारहून जवळपास नीट दक्षिणेला, छत्तीस हजार किलोमीटर उंच तो एका जागी उभा होता, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारा नव्हता.