अपवर्जित परिचारिकांचा रोजगार (अमेरिका)

अमेरिकेच्या आरोग्य व मानव सेवा विभागातील महानिरीक्षक कार्यालयाने संघराज्याच्या आरोग्य योजनांतून वगळलेल्या परिचारिकांना उपलब्ध राहणारी कामे. वगळलेल्या (अपवर्जित) व्यक्तीच्या सेवेचा मोबदला मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी), मेडिकेड (अल्प उत्पन्न गटासाठी), ट्रायकेअर (लष्करी कुटुंबांसाठी) आदी योजना देत नाहीत.

या तरतुदीचा उगम सामान्यतः 1977 च्या गैरव्यवहारविरोधी दुरुस्तीत मानतात. देयके रोखण्याचा काही अधिकार 1972 च्या दुरुस्तीनेही दिला होता. तथापि गुन्हा सिद्ध झालेल्या व्यावसायिकांना वगळणे 1977 मध्येच सक्तीचे झाले, म्हणून तेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. सध्याची चौकट मुख्यतः 1987 च्या कायद्याची आहे. सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम 1128 नुसार योजनेशी निगडित गुन्हा, रुग्णाचा छळ वा हेळसांड इत्यादींसाठी किमान 5 वर्षांचे सक्तीचे अपवर्जन होते. परवाना निलंबित किंवा रद्द झाल्यास ते कार्यालयाच्या विवेकाधीन असते. चौकशी चालू असताना परवाना आपणहून परत केला, तरी हे कलम लागू होऊ शकते. प्रकरण मिटेल या आशेने परवाना परत करण्याच्या कागदावर सही करणाऱ्या परिचारिकेला हे आधी सांगितले जाणे फार गरजेचे आहे.

बंदीची व्याप्ती रुग्णशय्येपुरती नाही. महानिरीक्षक कार्यालयाच्या 2013 च्या विशेष सूचनापत्रानुसार शस्त्रक्रियेचे ट्रे मांडणे, उपचार आराखडे तपासणे, तसेच व्यवस्थापकीय व कार्यालयीन कामेही तीत येतात. वेतन खाजगी निधीतून दिल्याने सुटका होत नाही. उलट, त्या व्यक्तीच्या कामाचा भार कोणत्याही योजनेवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पडत नसेल, अथवा ती केवळ योजनाबाह्य रुग्णांना सेवा देत असेल, तर रुग्णालयही तिला नेमू शकते. व्यवहारात मात्र मालक कचरतात. प्रत्येक सेवेमागील दंडाची मूळ कमाल मर्यादा 10,000 डॉलर होती, ती 2018 मध्ये 20,000 झाली.

त्यामुळे संघीय निधी न घेणारी सौंदर्योपचार केंद्रे, स्वखर्चाने ठेवलेली घरगुती शुश्रूषा, आयुर्विम्यासाठीच्या तपासण्या, वकिलांना वैद्यकीय कागदपत्रांबाबत सल्ला अशी मोजकी क्षेत्रे उरतात. परवाना वैध नसल्यास यांतील शुश्रूषेची कामेही करता येत नाहीत. राज्यांच्या मेडिकेडमधून अपवर्जित व्यक्तींच्या याद्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

मुदत संपली किंवा परवाना परत मिळाला, तरी नाव कार्यालयाच्या अपवर्जितांच्या यादीतून आपोआप निघत नाही. ठराविक मुदत असल्यास ती संपण्याच्या 90 दिवस आधीपासून पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. लेखी मंजुरी येईपर्यंत बंदी कायम राहते.