स्टॅटिक आयपी टाकल्याने नेट वेगवान होत नाही

‘राऊटरमध्ये स्टॅटिक आयपी टाका, नेट सुसाट पळेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. स्टॅटिक आयपी म्हणजे नेटवर्कवर उपकरणाला दिलेला न बदलणारा पत्ता. पण हा सल्ला चुकीचा आहे. वेग ठरतो तो प्लॅन, वायफायचा सिग्नल आणि लाइनवरची गर्दी यांवर.

दुसरा गैरसमज जास्त त्रासाचा: घरच्या कॅमेऱ्याला १९२.१६८.१.५० हा आयपी पत्ता दिला की तो बाहेरगावाहून थेट दिसेल. १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानुसार १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखीव आहेत. इंटरनेटवर ते चालतच नाहीत. बाहेरचा कायमचा पत्ता इंटरनेट कंपनीकडूनच घ्यावा लागतो, बहुतेकदा वेगळे पैसे मोजून. राऊटरच्या सेटिंगमधल्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग नुसत्या पोर्ट फॉरवर्डिंगनेही, म्हणजे बाहेरून आलेली विनंती राऊटरने घरातल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवण्यानेही, काम होत नाही.

घरातल्या प्रिंटरला मात्र कायमचा पत्ता जरूर द्या, पण विचार न करता प्रिंटरमध्येच आकडा टाकू नका. डीएचसीपी म्हणजे राऊटरने आपोआप पत्ते वाटण्याची सोय; तिची रेंज (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते १९९ असताना तुम्ही १२० टाकलात, तर राऊटर तोच १२० पाहुण्यांच्या मोबाइलला देऊ शकतो आणि छपाई अडते. त्यापेक्षा राऊटरच्या डीएचसीपी पानावर ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ शोधा, प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी भरा, सेव्ह करा आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.