परिशिष्ट-२ मध्ये नाव ‘अपात्र’ का लागते? मुंबईतील झोपडीधारकांसाठी पुराव्यांची माहिती

झोपडपट्टी पुनर्वसनात कोणाला घर मिळणार हे ठरवणारी परिशिष्ट-२ ची यादी वस्तीत लागली की सगळ्यांची बोटे सरळ शेवटच्या रकान्यांकडे जातात. तिथे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहिलेले असते आणि बाजूला एका ओळीचा शेरा: ‘पुरावा सादर नाही’, ‘झोपडी बंद’, ‘नावात तफावत’. ज्यांच्यापुढे हे शेरे पडतात त्यांतली कित्येक कुटुंबे दोन पिढ्या त्याच गल्लीत राहिलेली असतात. राहणे खरे असते, कागद मात्र ते नीट सांगत नाहीत.

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, म्हणजे एसआरएकडे, योजना जाते तेव्हा तिच्याबरोबर तीन परिशिष्टे असतात. पहिल्यात विकासकाचा प्रस्ताव, तिसऱ्यात त्याची आर्थिक कुवत आणि दुसऱ्यात रहिवाशांची पात्र-अपात्र यादी. इमारतीत पुनर्वसनाची किती घरे बांधायची, विकासकाला विक्रीसाठी किती बांधकाम मिळणार, किती बालवाड्या काढायच्या, हे सगळे या यादीवरून ठरते. म्हणून यादी लागली त्याच आठवड्यात हालचाल करा. नकाशा मंजूर होऊन बांधकाम वर चढल्यावर नाव आत घालणे फार अवघड जाते.

पात्रतेची मुख्य तारीख १ जानेवारी २०००. झोपडी त्या दिवशी किंवा त्याआधी अस्तित्वात असेल तर ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर चटईक्षेत्राचे घर मोफत मिळते. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची झोपडी असेल तर २ लाख ५० हजार रुपये भरून घर मिळते. दुकानाला प्रत्यक्ष जागेइतके, पण जास्तीत जास्त २२५ चौरस फूट मोफत. पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना वेगळे घर नाही, पात्रता तळमजल्याच्या झोपडीची मोजतात. हा नियम वर राहणाऱ्या भावाला किंवा भाडेकरूला कोणी आधी सांगत नाही आणि यादी लागल्यावर घरात भांडण होते. त्यामुळे हे आताच समजून घ्या.

फार जणांचा गैरसमज इथे होतो: संमतिपत्रावर सही केली म्हणजे आपण पात्र झालो. तसे नाही. योजनेला ५१ टक्के झोपडीधारकांची संमती लागते, ती योजनेसाठी. तुमची पात्रता सक्षम प्राधिकारी, म्हणजे त्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी, तपासतो, तीही कागदांवर. सोसायटीचा सेक्रेटरी किंवा विकासकाचा माणूस ‘तुमचं नाव आहे, काळजी करू नका’ म्हणाला, तरी यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तपासणारा अधिकारी दोन प्रश्नांची उत्तरे शोधत असतो. ही झोपडी त्या तारखेला होती का? आणि आज तिच्यात राहतो तो कोण? पहिल्याला जुना कागद लागतो, दुसऱ्याला ताजा. लोक बहुधा एकाच बाजूचा गठ्ठा घेऊन येतात. आधार कार्डाच्या चार झेरॉक्स जोडलेल्या असतात आणि जुना कागद एकही नसतो. आधार द्यायला सुरुवातच २०१० मध्ये झाली, तेव्हा २००० सालचे राहणे त्यावरून सिद्ध होणार कसे? आधार, पॅन, आजचे वीजबिल हे सगळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

जुन्या पुराव्यांत सर्वांत वजनदार मतदार यादीचा उतारा. मतदार ओळखपत्र आणि उतारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खिडकीवर सगळ्यात जास्त वाद यावरूनच होतात. ओळखपत्र हरवून नवे काढले असेल तर त्यावर नवीच तारीख असते. लागतो तो १ जानेवारी २००० किंवा त्याआधीच्या यादीतला, मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून शिक्का मारून घेतलेला उतारा. त्यासाठी विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हवा. भाग क्रमांक माहीत नसेल तर त्याच गल्लीतल्या, पात्र ठरलेल्या शेजाऱ्याच्या उताऱ्यावरचा क्रमांक बघा, बहुतेक वेळा तुमचे नाव त्याच पानांत सापडते. मतदारसंघांची २००८ मध्ये पुनर्रचना झाली, म्हणून आजचा मतदारसंघ सांगून जुनी यादी मागू नका, तेव्हाचा सांगा. कारकून ‘नाव नाही’ म्हणाला तर बऱ्याचदा चुकीच्या यादीत शोध झालेला असतो.

मतदार यादीत नावच नसेल तर? जुने वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाला सरकारने दिलेला फोटोसह ओळखीचा कागद), १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची पावती किंवा ओळखपत्र, दुकानासाठी गुमास्ता परवाना, हे पुढे करा. वीजबिल उंदरांनी खाल्ले असेल तर वीज कंपनीकडे ग्राहक क्रमांक देऊन जोडणी कोणत्या तारखेला दिली याचा लेखी दाखला मागा. मीटर आधीच्या मालकाच्या नावावर असला तरी झोपडी कधीपासून आहे हे त्यातून कळते, म्हणून नाव दुसऱ्याचे आहे एवढ्यावरून तो फेकू नका. रेशनकार्ड आणि मुलांचे शाळेचे दाखले जोडा, पण जोडपुरावा म्हणून. एकट्या रेशनकार्डावर विसंबू नका.

आता झोपडी क्रमांकाचा घोळ. दारापाशी उभे राहून चौकटीवर बघा. एखाद्या वेळच्या मोजणीचा क्रमांक डांबराने लिहिलेला, नंतरच्या सर्वेक्षणाचा लाल रंगात, बोटांचे ठसे घेऊन सर्वेक्षण करणाऱ्या बायोमेट्रिकवाल्यांचा स्टिकर वेगळाच. मतदार यादीत चौथा क्रमांक, वीजबिलावर नुसते ‘चाळ नं. ३’. अधिकाऱ्यासमोर ही एक झोपडी चार झोपड्या होऊन जाते आणि शेरा पडतो ‘पत्ता जुळत नाही’. यावर उपाय साधा आहे, फक्त तो कोणी सुचवत नाही: एका कागदावर सगळे क्रमांक, कोणता कोणत्या सर्वेक्षणातला, हे लिहा. हे सर्व क्रमांक एकाच झोपडीचे आहेत असे प्रतिज्ञापत्र करा, चौकटीचा फोटो जोडा, आणि शेजारच्या दोन झोपड्यांचे तेच क्रमांक दाखवा. शेजारच्यांची मालिका जुळली की तुमची जुळते.

नावातली तफावत बायकांच्या वाट्याला जास्त येते. मतदार यादीत सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, बँकेच्या पासबुकात तिसरेच स्पेलिंग. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून यादी लागण्याची वाट न पाहता आधीच अर्ज करा. पुनर्वसनाचे घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होते, त्यामुळे तिचे कागद ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवायचे नसतात.

झोपडी नंतर विकत घेतली असेल तर आपल्या राहण्याच्या पुराव्याबरोबर आधीच्या मालकाचाही जुना पुरावा लागतो आणि मधल्या प्रत्येक विक्रीचा कागद लागतो. साखळीतली एक कडी नसली की सगळे अडते. विकणारा गावी गेला असला तरी त्याला शोधा, त्याच्याकडून मतदार यादीतला क्रमांक तरी मिळवा. शुल्क भरून हस्तांतरण नोंदवण्याची तरतूद आहे, ती यादी अंतिम होण्याआधी वापरा. मूळ झोपडीधारक वारला असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांचे ना हरकत पत्र. बहिणींच्या सह्या न घेता एकाच भावाने नाव पुढे केले की हरकत येते आणि प्रकरण लोंबकळते.

सर्वेक्षणाच्या दिवशी दाराला कुलूप असेल तर ‘बंद’ अशी नोंद होते. धुणीभांडी करणारी बाई किंवा दिवसपाळीचा कामगार अकरा वाजता घरी कसा असेल, याचा विचार सर्वेक्षणाचे वेळापत्रक करणाऱ्यांनी करायला हवा, पण करत नाहीत. घरी एक प्रौढ माणूस आणि मूळ कागद राहतील एवढे बघा. ‘बंद’ नोंद झालीच तर लगेच लेखी अर्ज देऊन फेरसर्वेक्षण मागा, सोबत त्या महिन्याचे वीजबिल आणि कामाच्या ठिकाणचे पत्र जोडा. झोपडी भाड्याने देऊन स्वतः दुसरीकडे राहत असाल तर मात्र पात्रता धोक्यात आहे, कारण प्रत्यक्ष राहणारा कोण हेच तपासले जाते.

प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागली की हरकती घेतल्या जातात. मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजतात. तुम्ही यादी पाहिलीत तेव्हापासून नव्हे, आणि फसगत होते ती याच मोजणीत. हरकत तोंडी सांगू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवा. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका, विकासकाच्या माणसाच्या तर नाहीच. दाखवायचे आणि परत घ्यायचे.

अंतिम यादीतही अपात्र राहिलात तर अपील आहे. त्याची मुदत महिन्याच्या हिशेबात असते, वर्षाच्या नाही, म्हणून आदेशाची प्रत हातात पडली त्याच दिवशी तारीख बघा. अपिलात ‘आम्ही गरीब आहोत’ एवढेच लिहून भागत नाही. आदेशात जो शेरा आहे तोच शब्द उचला, त्याखाली तो कागद जोडा. शेरा ‘पत्ता जुळत नाही’ असेल तर चौकटीच्या क्रमांकांचा कागद, ‘पुरावा सादर नाही’ असेल तर शिक्क्याची पोच किंवा नवा उतारा. घर रिकामे करण्याची नोटीस मधेच आली तर अपिलाची पोच तिच्या उत्तराला जोडून त्याच कार्यालयात द्या, आणि त्या उत्तराचीही पोच घ्या.