केअर होम आणि सपोर्टेड लिव्हिंग: अंघोळ तीच, तपासणी वेगळी

इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या वस्तीत दोन घरं शेजारी-शेजारी असतात. दोन्हीकडे चार-पाच जण राहतात. कुणाला ऑटिझम आहे, कुणाला बौद्धिक अक्षमता, कुणाचा एक हात स्ट्रोकनंतर उचलत नाही. दोन्हीकडे शिफ्टवर येणारे केअरर त्यांना अंघोळ घालतात, कपडे चढवतात, भरवतात. यातलं एक केअर होम आणि दुसरं सपोर्टेड लिव्हिंग. आत काम करणाऱ्यांनाही हा फरक धड सांगता येत नाही असं बऱ्याचदा होतं. पण तिथली सेवा कितपत चांगली आहे हे ठरवायला बसलं, की कुठे बघायचं आणि कुणाला विचारायचं, सगळंच बदलतं.

केअर होममध्ये खोली आणि सेवा एकाच करारात मिळतात. त्यामुळे केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी, ही इंग्लंडमधल्या केअर सेवा तपासणारी सरकारी संस्था दोन्ही तपासते: होइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र), बाथरूममधले धरायचे दांडे, स्वयंपाकघर, फायर डोअर, आणि माणसाला मिळणारी वागणूकही. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घर एकाचं आणि केअर दुसऱ्याची. राहणारा माणूस तिथला भाडेकरू असतो, त्याच्या नावावर भाडेकरार असतो आणि भाडं बहुतेक वेळा हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून, जातं. सीक्यूसीचा अधिकार तिथे फक्त केअरपुरता. भिंतीला ओल आली, बॉयलर बंद पडला, तर ते घरमालकाचं काम. तो दाद देत नसेल तर काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, पर्यावरण-आरोग्य विभागाकडे जायचं, आणि मालक हाउसिंग असोसिएशन (परवडणारी घरं भाड्याने देणारी संस्था) असेल तर हाउसिंग ओम्बड्समन या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडेही जाता येतं.

केअरमध्येही सगळं येत नाही. कायद्याने पर्सनल केअर म्हणजे खाणं-पिणं, संडास-लघवी, अंघोळ, कपडे, तोंडाची स्वच्छता, त्वचा, केस आणि नखं यांसाठी हात लावून केलेली मदत. ज्याला स्वतःहून हे करायचा निर्णय घेता येत नाही, त्याला आठवण करून देऊन वर लक्ष ठेवणंही त्यात धरतात. बाजारहाट, बिलं, बसने कुठे जायचं यातली मदत त्यात येत नाही. तेवढीच मदत देणाऱ्या संस्थेला सीक्यूसीकडे नोंदणीच करावी लागत नाही. म्हणजे पाच भाडेकरूंपैकी दोघांनाच अंघोळ घालावी लागत असेल, तर तपासणी त्या दोघांची. त्यांना मिळणारी इतर मदत सोबत बघतात, पण उरलेले तिघे त्या अहवालात नसतात. नातेवाइकांना हे कुणी आधी सांगत नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते रेटिंग. आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट आणि इनॅडिक्वेट या चार पायऱ्या दोन्हीकडे त्याच, आणि सेफ, इफेक्टिव्ह, केअरिंग, रिस्पॉन्सिव्ह, वेल-लेड हे पाच निकषही तेच. केअर होमचं रेटिंग मात्र त्या इमारतीचं असतं. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये नोंदणी बहुतेक वेळा कंपनीच्या ऑफिसची असते आणि त्या एका ऑफिसाखाली दहा-वीस घरं चालू शकतात. इन्स्पेक्टर त्यातल्या काहींनाच भेट देतो. तेव्हा ‘गुड’ वाचून निर्धास्त होण्याआधी अहवालात किती घरं पाहिली ते शोधा. तुमच्या माणसाचं घर त्यात असेलच असं नाही.

दाराचाही प्रश्न आहे. केअर होममध्ये इन्स्पेक्टर न कळवता येऊ शकतो. सपोर्टेड लिव्हिंग हे खाजगी निवासस्थान, आणि २००८च्या हेल्थ अँड सोशल केअर कायद्याने दिलेला प्रवेशाचा अधिकार तिथे लागू होत नाही. भाडेकरूने ‘या’ म्हटलं तरच आत. म्हणून सहसा ऑफिसला थोडे आधी कळवून भाडेकरूंची परवानगी विचारून ठेवतात. भाडेकरूच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण याचा परिणाम असा, की तपासणीचा मोठा भाग कागदांवर, फोनवरच्या बोलण्यावर आणि तयारी करून ठेवलेल्या भेटींवर उभा राहतो.

म्हणून केअररनी रोज लिहिलेला कागद वाचता यायला हवा. एका फायलीत महिनाभर रोज एकच ओळ असते: ‘सकाळी शॉवर दिला, कपडे बदलले, मूड चांगला.’ दुसऱ्या फायलीत असं: ‘शॉवर नको म्हणाली, केस काल धुतले होते. बेसिनपाशी बसवून तोंड आणि काखा पुसल्या. क्रीम लावताना माकडहाडावर लालसर डाग दिसला, बोटाने दाबल्यावर फिका पडला नाही. बॉडी मॅपवर नोंद केली, डिस्ट्रिक्ट नर्सला फोन केला.’ (बॉडी मॅप म्हणजे डाग-जखमा दाखवायचं शरीराचं रेखाचित्र, डिस्ट्रिक्ट नर्स म्हणजे घरी येणारी नर्स.) शॉवर हुकला तो दुसरीकडे. तरीही माझ्या मते चांगली केअर दुसरीच. कुणीतरी नकार ऐकला, पर्याय शोधला आणि प्रेशर अल्सरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात वेळेत पकडली. (त्वचा सावळी असेल तर लाली दिसतही नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा किंवा घट्टपणा बघावा लागतो. ‘डाग नाही’ एवढी नोंद पुरत नाही.) रकान्यात टिक करायची सक्ती असली की नकाराच्या दिवशीही टिक पडते. हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे टूथब्रश: चार्टवर सकाळची टिक आणि ब्रश कोरडा ठणठणीत.

वेळाही बघा. चार भाडेकरूंची अंघोळ रोज सात ते पावणेआठच्या दरम्यान ओळीने उरकली असेल, तर ती रात्रपाळी संपायच्या आत उरकलेली आहे. केअर होममध्येही हे वाईटच, पण निदान तिथे सगळ्यांचं वेळापत्रक मिळून असतं. स्वतःच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूने नऊ वाजता का उठू नये, याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागेल.

नाव सपोर्टेड लिव्हिंगचं आणि वळण केअर होमचं, अशी घरं बरीच असतात. बैठकीच्या खोलीत स्टाफचं ऑफिस, भिंतीवर रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक), केअरर न ठोठावता आत येतात. एका भाडेकरूला अती खाण्याची सवय म्हणून स्वयंपाकघराला कुलूप, आणि उरलेल्या तिघांनाही पाण्यासाठी परवानगी मागावी लागते. इथे कायदाही वेगळा आहे. ज्याला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, त्याच्यावर सतत देखरेख असेल आणि त्याला बाहेर जायची मोकळीक नसेल, तर सुप्रीम कोर्टाच्या मार्च २०१४च्या चेशायर वेस्ट निकालानुसार ते स्वातंत्र्य काढून घेणं ठरलं. केअर होममध्ये त्याची मंजुरी काउन्सिल देते, सपोर्टेड लिव्हिंगमध्ये कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे, म्हणजे निर्णय घेऊ न शकणाऱ्यांच्या प्रकरणांसाठीच्या कोर्टाकडे, जावं लागतं. ‘आम्ही फॅमिलीला विचारलंय’ ही मंजुरी नव्हे.

मी सगळ्यात आधी हा प्रश्न विचारेन: केअरची कंपनी बदलली तर घर राहील का? कागदोपत्री राहायला हवं. प्रत्यक्षात चौघांमध्ये रात्रीचा एकच केअरर वाटून घेतलेला असतो. त्यातला एक बाहेर पडला की उरलेल्यांचा हिशोब बिघडतो, त्यामुळे ते सोपं नसतं. पण घरमालक आणि केअर कंपनी एकाच मालकाच्या असतील आणि प्रश्नावर नुसती सारवासारव होत असेल, तर भाडेकरार नावापुरता आहे असं समजा.

तक्रार करायची तर सीक्यूसी वैयक्तिक तक्रारीचा निकाल लावत नाही, दोन्हीकडे. केअरची तक्रार आधी कंपनीकडे, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे. मारहाण, उपासमार, पैशांची अफरातफर असेल तर त्याच दिवशी काउन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला, म्हणजे छळापासून संरक्षण बघणाऱ्या टीमला, फोन, आणि जिवाला धोका असेल तर थेट ९९९ या आपत्कालीन नंबरवर. सीक्यूसीलाही कळवून ठेवा, पुढची तपासणी कुठे करायची हे ठरवताना अशी माहिती ते वापरतात. कळवताना कंपनीच्या नावासोबत घराचा पत्ताही द्या, नाहीतर तक्रार ऑफिसच्या खात्यावर जमा होते आणि ते घर कुणाला दिसत नाही.