‘ज्याला’ म्हणजे दर वेळी ‘हूम’ नव्हे

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना एक वाक्य वह्यांमध्ये हमखास सापडतं: ‘आय हॅव अ ब्रदर हूम लाइक्स क्रिकेट.’ यावर नुसती लाल फुली मारणं मला पटत नाही. मुलानं विचार केलेला असतो. मनात वाक्य असतं, ‘मला एक भाऊ आहे, ज्याला क्रिकेट आवडतं’, आणि जो म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम हे त्याला कोणीतरी पढवलेलं असतं. चूक त्या पढवण्यात आहे.

इंग्रजी एवढंच बघते, की पोटवाक्यातल्या क्रियापदाचा कर्ता तो माणूस आहे का. असेल तर हू. कर्ता दुसराच कोणी आणि हा माणूस कर्म, तर हूम. मराठीत प्रत्ययावरून हे कळत नाही. ‘जो शिकवतो’ हू, आणि भूतकाळातलं ‘ज्यानं शिकवलं’ तेही हूच. खरा घोळ ‘ला’चा. ज्याला पोहता येतं, ज्याला चहा हवाय, ज्याला ताप आलाय, या सगळ्या माणसांना आपण ‘ला’ लावतो. इंग्रजीत तेच कर्ते होतात: हू कॅन स्विम, हू वॉन्ट्स टी, हू हॅज अ फीव्हर. उलट ‘ज्याला मी भेटलो’ यात भेटणारा मी, म्हणून ‘द मॅन हूम आय मेट’.

तेव्हा पडताळा इंग्रजीतच घ्यावा. पोटवाक्य सुटं करा आणि ही किंवा हिम घालून बघा. ‘ही लाइक्स क्रिकेट’, म्हणून हू. ‘आय मेट हिम’, म्हणून हूम. हिम आणि हूम दोन्हींच्या शेवटी म आहे, हे मुलांच्या चटकन लक्षात राहतं. वाक्य मुलीबद्दल असलं तरी पडताळ्यापुरतं हिमच घ्यावं, कारण ‘हर’मध्ये तो म नाही.

मुरलेले लोकही एका जागी घसरतात: ‘द मॅन हूम आय थॉट वॉज अ डॉक्टर’. मध्ये ‘आय थॉट’ आल्यामुळे हूम बरोबर वाटतं, पण सुटं वाक्य ‘आय थॉट ही वॉज अ डॉक्टर’ असं होतं. इथे हूच हवं.

माणसासाठी ‘दॅट’ चालतं, आणि ते पूर्वापार चालत आलंय. ‘विच’ मात्र आता चालत नाही. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘अवर फादर विच आर्ट इन हेवन’ आहे, पण तो वापर मागे पडला.

बोलताना हूमसाठी अडून बसू नये. ‘द मॅन आय मेट’ पुरतं, ‘हू आय मेट’ही सर्रास म्हणतात. पण टू, विथ, फॉर अगदी पुढ्यात आले की हूमला पर्याय नाही. ‘ज्यांच्याशी मी बोललो’ हे अर्जात लिहायचं तर ‘टू हूम आय स्पोक’. बोलताना ‘द मॅन आय स्पोक टू’.