पंधरा, तीस, चाळीस : टेनिसच्या गुणमोजणीची पार्श्वभूमी

टेनिसमध्ये पहिल्या गुणाला पंधरा, दुसऱ्याला तीस आणि तिसऱ्याला मात्र चाळीस का म्हणतात, हा प्रश्न खेळ नव्याने पाहणाऱ्या बहुतेकांना पडतो. ही मोजणी आजच्या टेनिसहून कित्येक शतके जुनी असून, फ्रान्समध्ये भिंतींनी वेढलेल्या जागेत, सुरुवातीला रॅकेटऐवजी तळहाताने खेळल्या जाणाऱ्या ‘ज्यू द पोम’ या खेळातून ती आली. तिथे तिसरा गुण पंचेचाळीसच होता. बोलताना त्यातले ‘पाच’ पुढे गळून पडले असावेत. घड्याळाच्या तबकडीवरून हे आकडे घेतल्याची कथा वारंवार सांगितली जाते, पण मिनिटकाटा सर्रास वापरात येण्याआधीच ही मोजणी रूढ झालेली असल्याने ती पटण्याजोगी नाही. चाळीस-चाळीस अशा बरोबरीला म्हणतात तो ‘ड्यूस’ हा शब्दही फ्रेंचमधल्या ‘दोन’वरूनच आलेला आहे, कारण बरोबरीनंतर गेम जिंकायला सलग दोन गुण लागतात.

हिरवळीवरच्या टेनिसने ही मोजणी लगेच स्वीकारली नव्हती. 1874 मध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी पेटंट घेतलेल्या खेळाचे मैदान मध्यभागी निमुळते, वाळूच्या घड्याळासारखे होते, गेम पंधरा गुणांचा होता आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळत असे. 1877 मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा भरवताना हेन्री जोन्स, ज्युलियन मार्शल आणि सी. जी. हीथकोट यांच्या समितीने ही चौकट मोडली. तिने 78 फूट लांब व 27 फूट रुंद असे आयताकृती मैदान, सर्व्हिस एकदा चुकल्यास दुसरी संधी आणि जुन्या खेळाची गुणमोजणी ठरवली. एकेरीसाठी या तिन्ही गोष्टी आजही तशाच आहेत. जाळीचा अंदाज मात्र चुकला होता : खांबांपाशी ती तब्बल पाच फूट उंच होती, आणि सर्व्हिसची रेषा जाळीपासून 26 फुटांवर असल्याने सर्व्हिस करणाऱ्याला अवाजवी फायदा मिळत होता. 1882 पर्यंत ही रेषा 21 फुटांवर आणि जाळी मध्यभागी तीन, तर खांबांपाशी साडेतीन फुटांवर स्थिरावली.

खरी अडचण दोनच्या फरकाची होती. सेट, म्हणजे किमान सहा गेमचा टप्पा, जिंकायला दोन गेमची आघाडी लागत असल्याने सामन्याला शेवटच नसे. 1969 मध्ये विम्बल्डनला पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासारेल 112 गेम खेळले. नियमांत सुधारणा सुचवणारे अमेरिकी जेम्स व्हॅन ॲलन ज्याचा आग्रह धरून होते तो टायब्रेकर, म्हणजे बरोबरीत अडकलेल्या सेटचा निकाल लावणारा एकच गेम, 1970 मध्ये अमेरिकन ओपनने आणि 1971 मध्ये विम्बल्डनने स्वीकारला. विम्बल्डनने सामन्याचा शेवटचा, निर्णायक सेट मात्र त्यातून वगळला होता, आणि 2010 मध्ये जॉन इस्नर व निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटे चालून पाचव्या सेटमध्ये 70-68 असा संपला. तरीही विम्बल्डनने त्या सेटला मर्यादा घातली ती 2019 मध्ये, तीही 12-12 च्या बरोबरीनंतर. 2022 च्या फ्रेंच ओपनपासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत निर्णायक सेटमध्ये 6-6 नंतर दहा गुणांचा टायब्रेकर खेळला जातो. दोनच्या फरकाची अट त्यातही आहे, फक्त तिथे गुण एक, दोन, तीन असेच मोजतात.