टायर आडवा घासतो तेव्हा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. दिवाळीत त्यांनी पुढचे दोन्ही टायर नवे घातले आणि होळीपर्यंत दोन्हींची आतली कड गुळगुळीत झाली. बाहेरची कड मात्र जवळपास कोरी. "अरे, टायर घातले तेव्हाच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतलेत. हा बघ कागद, सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत," काका म्हणाले. कारागिरानेही "बधुं बराबर छे", सगळं ठीक आहे, म्हणून गाडी दिली होती. म्हणजे टायरच कच्चा निघाला, असं त्यांच्या घरात ठरलं. मला ते पटेना. रबर कच्चं असतं तर ते पूर्ण रुंदीत झिजलं असतं. दोन्ही टायर नेमके आतूनच झिजतात, तेव्हा कारण गाडीत शोधायचं.

हवा कायम कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, कारण मधला भाग वर उचलला जातो आणि भार कडांवर येतो. हवा जास्त असेल तर मधला पट्टा जातो. परिघावर थोड्या थोड्या अंतराने वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप (चाकाचे धक्के शोषणारे दांडे) थकलेले असतात किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडलेलं असतं. चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारत जातं. एकच कड झिजली असेल तर मात्र दोन संशयित उरतात, कॅम्बर आणि टो. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचं आत किंवा बाहेर झुकणं. टो समजायला माणसाची चाल आठवा. कुणी चवडे आत वळवून चालतो, तर कुणी फेंगडा चालतो. गाडीची पुढची चाकंही अशी आत किंवा बाहेर तोंड करून धावू शकतात. टायरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे टो, असं माझं मत आहे.

हिशेब करून बघा. या गाडीच्या टायरचा व्यास साधारण ५० सेंटीमीटर. चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त अडीच मिलिमीटर बाहेर असेल, तर कोन अर्ध्या टक्क्याचा झाला. चाकाला बाहेर जायचंय, गाडी त्याला सरळ नेतेय. म्हणजे दर किलोमीटरला चाक ५ मीटर आडवं ओढलं जातं. अहमदाबादचा एक्सप्रेस हायवे सुमारे ९३ किलोमीटरचा आहे. एका फेरीत जवळपास ४६५ मीटर आडवं ओढणं झालं, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे ओढणं नेमकं कसं घडतं, तो या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. त्या जागेवरचं रबर म्हणजे फरशी घासायच्या ब्रशचे केस आहेत असं समजा. प्रत्येक केस पुढून रस्त्यावर येतो तेव्हा सरळ उभा असतो. त्याचं टोक रस्त्याला चिकटतं, पण बूड चाकाबरोबर तिरकं सरकत राहतं, त्यामुळे केस वाकत जातो. या जागेच्या मागच्या टोकाशी दाब उतरू लागतो, पकड वाकलेल्या केसाचा ताण पेलू शकत नाही आणि टोक खरडत जागेवर परत येतं. झीज होते ती मुख्यतः या शेवटच्या पट्ट्यात. आता कोन दुप्पट झाला तर आडवं अंतर दुप्पट होतं. केस दुप्पट वाकल्याने आडवं बलही दुप्पट होतं. बल गुणिले अंतर म्हणजे खर्च झालेली ऊर्जा, ती चौपट. लहान कोनांपुरती झीजही जवळपास त्याच प्रमाणात, कोनाच्या वर्गाने वाढते. शालामाख आणि टर्नर या संशोधकांनी १९६०च्या सुमारास घसरत्या चाकांच्या झिजेचा हाच नियम मांडला. म्हणूनच एका मिलिमीटरची चूक खपून जाते आणि तीन मिलिमीटरची चूक टायर खाऊन टाकते.

खोडरबर एकाच दिशेने घासलं की त्याची एक कड गोल होते आणि दुसऱ्या कडेला पातळ जीभ येते. टायरच्या नक्षीचंही तेच होतं. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, अगदी हलक्या हाताने, कारण फार झिजलेल्या टायरमधून तारा बाहेर आलेल्या असू शकतात. काकांच्या टायरवर आतून बाहेर हात सुळकन जात होता, बाहेरून आत येताना करवतीसारखा अडत होता. म्हणजे रस्ता रबराला बाहेरच्या दिशेने ओढत होता, चाकं फेंगडी धावत होती. कॅम्बरची झीज अशी करवत सोडत नाही, ती एका कडेला सपाट उतरत जाते.

मग कागदावरचे हिरवे आकडे खोटे होते का? नव्हते. यंत्राने गाडी उभी असताना मोजलं होतं, टायर झिजतो तो धावताना. वीस वर्षांच्या गाडीत चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरी अस्तरं, तडकलेले असतात, आणि स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा टाय रॉड एंडचा सांधा सैल झालेला असतो. चाक वळवणारा दांडा साधारण बारा सेंटीमीटरचा, त्याच्या टोकाला एक मिलिमीटर खेळ असेल तर टायरच्या व्यासावर तो चार मिलिमीटर होतो. ब्रेक आणि खड्डे चाकाला ढकलतात आणि सैल सांधा ते वळू देतो.

वडोदऱ्याच्या आसपास लिमड्याला अपोलोचे आणि हालोलला सिएटचे टायर बनतात. त्याच वडोदऱ्यात दसऱ्याला लोक चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात आणि वर्षभर सांध्याला कुणी हात लावत नाही. लिंबू चिरडल्याने चाकाची दिशा बदलत नाही. टायरमध्ये हवेऐवजी भरल्या जाणाऱ्या नायट्रोजनचंही तसंच. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि जानेवारीची पहाट ते मेची दुपार या तीसेक अंशांच्या फरकाने दाब चार-पाच पीएसआय बदलतो, तो नायट्रोजन भरला तरी बदलतोच. पैसे वाचवायचे असतील तर महिन्यातून एकदा थंड टायरची हवा तपासा.

आम्ही मागच्या चाकांना विटा लावून पुढचं एक चाक जॅकवर उचललं आणि घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. खट्‌ खट्‌ असा आवाज आला. टाय रॉड एंड गेलेला होता. बारा आणि सहाच्या जागी खेळ जाणवला असता तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर संशय घेतला असता. अलाइनमेंट करायची ती सांधे आणि बुश बदलल्यानंतर, आधी नाही. आणि टायर आगेमागे बदलायचे असतील तर झीज नीट पाहून, फोटो काढून मग बदला. नाहीतर पुढच्या चाकाचा पुरावा मागे जाऊन बसतो आणि मेकॅनिक मागचा अ‍ॅक्सल तपासत राहतो.

काकांनी दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचे बुश बदलले, मग अलाइनमेंट केली. टायर पुन्हा नवे घ्यावे लागले. त्यानंतर गाडी चार हजार किलोमीटर चालली आहे आणि पुढच्या टायरवरून हात दोन्ही दिशांनी सारखा जातो. मागच्या उजव्या टायरवर मात्र परवा मला उथळ खळगे लागले. पुढच्या रविवारी शॉकअप बघायचे आहेत.